लेथवर स्टीलची ड्रॉ डाय बोअर आणि पॉलिश कशी करावी : उद्यमबागेत नव्याने आलेल्या टर्नरसाठी

सकाळी आठच्या आत बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटातून उद्यमबागेच्या कारखान्यांकडे जी गर्दी जाते, तिच्यात दरवर्षी काही नवी पोरं दिसतात. कुणी येळ्ळूरहून, कुणी मजगावातून, कुणी खानापूर तालुक्यातून पहिल्या बसने आलेलं. आयटीआय झालेलं असतं, शाफ्ट टर्न करता येतो, बुश बनवता येतं. मग एक दिवस मेस्त्री हातात ड्रॉइंग देतात आणि म्हणतात, "ह्या डायचं बोअर तू मार बघू." बुशमध्ये ०.०५ मिमी इकडेतिकडे चालून जातं. डायमध्ये ते चालत नाही. आणि चुकलं तर स्टील, हार्डनिंग आणि चार दिवसांची मेहनत सगळंच भंगारात जातं. मी ते जाऊ दिलेलं आहे. म्हणून इथे एक पूर्ण काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो.

उदाहरण म्हणून ०.८ मिमी पत्र्याची वाटी ओढणारी ड्रॉ डाय घेऊ, म्हणजे जिच्या बोअरमध्ये पंच पत्रा ढकलतो आणि वाटी तयार होते ती. बाहेरचा व्यास ६५ मिमी, उंची ३० मिमी, बोअर म्हणजे आतलं छिद्र २५.०० मिमी. तोंडाला ५ मिमी रेडियस, त्याखाली ८ मिमी सरळ भाग, ज्याला आपण लँड म्हणतो, आणि त्याच्याखाली थोडं मोठं केलेलं रिलीफ. रेडियस साधारण पत्र्याच्या जाडीच्या ५ ते ८ पट धरतात. पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे १.१ पट जागा ठेवतात. म्हणजे इथे पंच २३.२४ मिमीचा.

१. हाताशी काय असायला हवं

ड्रॉइंग पहिलं. तोंडी सांगितलेल्या मापावर डाय करायला घेऊ नका, कागदावर लिहून घ्या. बोअरला टॉलरन्स किती, कडकपणा किती, पॉलिश कुठून कुठपर्यंत, हे तिन्ही त्यात हवंच. स्टील नवीन आणलं असेल तर त्याचं टेस्ट सर्टिफिकेटही मागून ठेवा. हार्डनिंगवाला पहिला प्रश्न ग्रेडचाच विचारतो आणि "डी टू असेल बहुतेक" या उत्तरावर भट्टीचं तापमान ठरत नाही.

मशीनवर: डॉग चक, म्हणजे चार स्वतंत्र जॉचा, मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल, आणि जमल्यास लिव्हर डायल. १६ मिमीचा बोअरिंग बार. सेंटर ड्रिल आणि १०, १८, २३ मिमीची ड्रिल. मापाला: ०–२५ आणि २५–५० मायक्रोमीटर, बोअर डायल गेज, रेडियस गेज, मार्किंग ब्ल्यूची, म्हणजे निळीची डबी. पॉलिशला: ऑइलस्टोन, ३२० ते १२०० नंबरचे वॉटर पेपर, डायमंड पेस्ट, नमदा, लाकडी काड्या, रॉकेल, धुतलेलं सुती कापड. आणि जुनी वर्तमानपत्रं. ती कशाला, ते पुढे येईल.

२. स्टील निवडताना

आपल्याकडे दोनच नावं जास्त ऐकू येतात, ओएचएनएस आणि डी टू. ओएचएनएस मशीनला मऊ जातं, स्वस्त पडतं, साधारण ८०० अंशांवर तापवून तेलात कडक होतं. पण तेलात बुडवल्यावर माप जास्त हलतं. डी टूमध्ये कार्बन सुमारे १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे घासून झिजत नाही. ते सुमारे १०२० अंशांपर्यंत तापवावं लागतं, पण हवेतही कडक होतं आणि माप कमी हलतं. शेकड्यांनी वाट्या काढायच्या असतील तर ओएचएनएस पुरतं, हजारोंनी काढायच्या असतील तर डी टू. आमच्या भागात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची कामं जास्त, त्यामुळे दुकानात ईएन ८, ईएन ९ या साध्या कार्बन स्टीलचे तुकडे नेहमी पडलेले असतात. तो मोह टाळा. ड्रॉ डायला ते चालत नाही.

३. पकड : इथेच डाय बनते किंवा बिघडते

या पायरीवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझी पहिली डाय इथेच गेली.

तेव्हा मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. रिंग पातळ होती, ४० मिमी बाहेर आणि ३० मिमी आत. मी ती ट्रू चकमध्ये, म्हणजे तीन जॉच्या चकमध्ये धरली, घसरू नये म्हणून चावी दोन्ही हातांनी दाबली आणि बोअर मारलं. बोअर गेज लावलं. आडवं लावलं, उभं लावलं, तिरकं लावलं, काटा प्रत्येक ठिकाणी त्याच रेघेवर. मी खूश. डाय कडक झाली, पॉलिश झाली, प्रेसवर चढली. पहिली वाटी बाहेर आली तर तिच्या अंगावर तीन ठिकाणी चकाकी होती आणि मधल्या तीन भागांत नव्हती.

मेस्त्रींनी वाटी बोटांत फिरवली आणि विचारलं, "कशात धरली होतीस?" एवढंच. मी चक दाखवला तसे ते काही न बोलता कपाटातून प्लग, म्हणजे अचूक मापाचा गोल दांडा, घेऊन आले, त्याला निळी लावली आणि बोअरमध्ये सरकवला. बाहेर काढला तेव्हा बोअरमध्ये तीनच पट्ट्यांवर निळी लागलेली होती.

झालं असं होतं. तीन जॉनी दाबल्यावर पातळ रिंग तीन ठिकाणी आत वाकते. त्या वाकलेल्या अवस्थेत टूल आत अगदी गोल बोअर कापतं. चक सोडला की रिंग मूळ आकारात परत येते आणि बोअर तीनकोनी गोलाईचं होतं. आता यातली खरी फसवणूक: अशा तीनकोनी आकाराचा व्यास समोरासमोर मोजला तर कुठूनही सारखाच येऊ शकतो, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या खोलग्याने भरून निघतो. दोन टोकांवर मोजणारं बोअर गेज ही चूक पकडूच शकत नाही. गोल प्लग आणि निळी पकडते, किंवा तीन पॉइंटचा इंटर्नल मायक्रोमीटर.

म्हणून:

– भिंत जाड असेल, आपल्या उदाहरणात ती २० मिमी आहे, तर डॉग चकमध्ये धरा आणि डायल लावून ट्रू करा. जॉखाली तांब्याची किंवा पितळेची पट्टी ठेवा.
– भिंत पातळ असेल तर बाजूने दाबूच नका. फेसप्लेटवर क्लॅम्पने अक्षाच्या दिशेने, म्हणजे तोंडावरून दाबून धरा. नाहीतर मऊ जॉ बोअर करून घ्या, म्हणजे ते रिंगला पूर्ण गोलाईत धरतात.
– रफ झाल्यावर एकदा चक थोडा सैल करा, पुन्हा हलक्या हाताने आवळा, डायल परत बघा, मग फिनिश करा. दोन मिनिटं जातात, पण कितीतरी डाय वाचतात.

ट्रू करताना आधी तोंडावर डायल लावा, मग बाहेरच्या व्यासावर, आणि परत तोंडावर. एक सरळ करताना दुसरं हलतंच. दोन्हीकडे काटा ०.०१ मिमीच्या आत येईपर्यंत सोडू नका.

४. ड्रिल आणि रफ बोअर

तोंड फेस करा, सेंटर ड्रिल मारा, १०, मग १८, मग २३. ड्रिल नेहमी थोडं भरकटतं, आत गेल्यावर मऊ बाजूला ओढलं जातं. रीमर त्या भरकटलेल्या छिद्रामागूनच जातो, म्हणून डायला रीमर नको. एकटं टूल मात्र छिद्राला आपल्या मार्गावर आणतं. त्यासाठी त्याला कापायला पुरेसा माल हवा, म्हणून ड्रिल २३ वरच थांबवा.

बार जितका जाड आणि जितका कमी बाहेर काढाल तितकं बरं. स्टीलच्या बारला व्यासाच्या ४ पटींपेक्षा जास्त बाहेर काढू नये, कार्बाइडच्या बारला ६ पटींपर्यंत चालतं. कारण साधं आहे: बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की वाकणं ८ पट होतं. १६ मिमीचा बार ६४ पर्यंत चालला असता, पण आपल्या डायला ३८–४० पुरतं, तेवढाच काढा.

टूलचं टोक सेंटरवर किंवा केसभर वर ठेवा. कापताना दाबाने टूल खाली जातं. आधीच खाली असेल तर त्याचं पोट बोअरला घासायला लागतं.

वेग काढायला १००० ला मीटर प्रति मिनिट वेगाने गुणा आणि पाय (३.१४) गुणिले मिमीतल्या व्यासाने भागा. एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या टूलला १५ मीटर धरलं तर २५ मिमी बोअरला साधारण १९० आरपीएम. कार्बाइडला ७० मीटर धरलं तर साधारण ९००. चॅटर आला, म्हणजे आत किर्रर्र आवाज येऊन रेघा पडायला लागल्या, की पहिल्यांदा आरपीएम कमी करा, फीड थोडा वाढवा. बरेच जण घाबरून फीडही कमी करतात, त्याने टूल कापण्याऐवजी घासतं आणि आवाज वाढतो. तरी थांबला नाही तर टूलचा नोज रेडियस बघा. ०.८ असेल तर ०.४ किंवा ०.२ चा घ्या.

रिलीफ आत्ताच मारून घ्या. त्याचं काम थोडं आहे, पण नंतर विसरलं की कडक डायमध्ये ते मारणं अवघड.

५. मापाकडे जाताना

हार्डनिंगला पाठवायच्या आधी बोअर २४.७५ ला थांबवायचं आहे. शेवटच्या ०.३० मिमीचे तीन सारखे भाग करा. व्यासात ०.१०, माप. परत ०.१०, माप. मग शेवटचे ०.१०. तिन्ही वेळा फीड तोच, आरपीएम तोच. बार प्रत्येक कटला थोडा वाकतोच. कट सारखा असला की वाकणंही सारखं राहतं, आणि दुसऱ्या कटनंतर आलेलं माप तिसऱ्याचा अंदाज बरोबर देतं. उलट पहिला कट ०.२५ आणि शेवटचा ०.०५ घेतला की बार सरळ होताना किती जास्त खाईल हे सांगता येत नाही.

क्रॉस स्लाइडवर ०.०१ मिमी नीट घेता येत नाही, बॅकलॅशमुळे, म्हणजे स्क्रूमधल्या ढिलाईमुळे, हँडल नेहमी एकाच दिशेने आणायचं असतं हे तर खरंच. पण एक जुनी युक्ती अजून शिका. कंपाउंड स्लाइड बेडच्या दिशेशी ५ अंश ४४ मिनिटांवर फिरवून बांधा. मग कंपाउंडवर ०.१० फिरवलं की टूल आडवं फक्त ०.०१ सरकतं. जुन्या मशीनवर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिमीच्या हजाराव्या भागात, बोलता येतं ते यामुळे.

आता गरमीबद्दल. स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. जॉब खोलीपेक्षा ३० अंश गरम असेल तर २५ मिमी बोअर ९ मायक्रॉन मोठं दिसतं. गरम जॉबवर "माप आलं" म्हणून खूश झालात की चहा पिऊन येईपर्यंत ते कमी झालेलं असतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली हे फार होतं. शेवटच्या कटच्या आधी जॉबला हात लावून बघा; कोमट वाटला तर थांबा. आणि गेज, सेटिंगचा मायक्रोमीटर, जॉब हे तिन्ही एकाच टेबलावर अर्धा तास ठेवलेले हवेत.

बोअर गेज झुलवताना काटा एका टोकाला जाऊन परत फिरतो. फिरतो तो कमीत कमी आकडा म्हणजे तुमचं माप. वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी घ्या आणि कागदावर लिहा.

६. तोंडाचा रेडियस

फॉर्म टूल, म्हणजे रेडियसच्याच आकाराचं टूल, करा, ऑइलस्टोनने त्याची धार पॉलिश करा, आरपीएम ८०–१०० वर आणा आणि तेल सोडत हळूहळू दाबा. रेडियस लँडला जिथे मिळतो तिथे नख फिरवून बघा. नखाला पायरी लागली तर पत्र्यालाही लागणार, वाटी तिथेच फाटते किंवा ओरखडते. बाकी सगळे टोकदार कोपरे आत्ताच मोडून घ्या. आणि डायवर नंबर ठोकायची सवय असेल तर हार्डनिंगआधी खोल ठोकू नका. तडा तिथूनच सुरू होतो.

७. हार्डनिंगला देताना

चलनावर तीन गोष्टी लिहाच: स्टीलचा ग्रेड, हवा असलेला कडकपणा, उदाहरणार्थ ५८–६० एचआरसी (रॉकवेल कडकपणाचा आकडा), आणि "टेम्परिंगसह", म्हणजे कडक झाल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवून. शक्य असेल तर व्हॅक्यूम भट्टीत करून घ्या, कातडी काळी पडत नाही आणि माप कमी हलतं.

सीमाभागातल्यांसाठी एक खास गोष्ट. कधी कधी आपण काम इथे न देता कोल्हापूरकडे पाठवतो, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला. तुमचं वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं असेल तर दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवलेल्या मालाला डिलिव्हरी चलनाबरोबर ई-वे बिल लागतंच, मालाची किंमत कितीही कमी असो. पन्नास हजारांची मर्यादा इथे लागू नाही. डायची किंमत दोन हजार म्हणून पिशवीत टाकून कोगनोळी ओलांडू नका.

डाय परत आली की कडकपणा तपासून घ्या, नुसत्या पावतीवर विश्वास ठेवू नका. मग परत डॉग चकमध्ये ट्रू करा.

८. कडक झाल्यावरचं बोअर

२४.७५ वरून २४.९८५ पर्यंत जायचं आहे, शेवटचे १५ मायक्रॉन लॅपिंगला, म्हणजे पेस्ट लावलेल्या लॅपने घासून काढायला. मशीनचं स्पिंडल घट्ट असेल तर सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) या फार कडक टिपने बोअर होतं: १२० मीटर वेग, म्हणजे सुमारे १५०० आरपीएम, फीड ०.०५. पण सीबीएनला अगदी बारीक कट आवडत नाही, ०.०१ ने घासत राहिलात तर धार तुटते. मशीन जुनं असेल तर हट्ट करू नका, इंटर्नल ग्राइंडिंगला द्या. त्यात कमीपणा काही नाही. बोअर उघडलं की रेडियसचा जोड सरकतो, तो ऑइलस्टोनने हाताने परत मिळवून घ्यायचा.

९. लॅपिंग आणि पॉलिश

आधी बेडवर वर्तमानपत्रं पसरा आणि चकाजवळचा भाग पूर्ण झाका. पॉलिशची पूड तेलात मिसळून बेडवर बसली की ती बेडलाच लॅप करायला लागते.

दुसरं, फिरत्या बोअरमध्ये बोटाला पेपर गुंडाळून कधीही घालू नका. पेपर अडकला की बोट आत ओढलं जातं, आणि लेथ तुमच्यासाठी थांबत नाही. पेपर लाकडी काडीला चिकटवा. हातमोजे, अंगठी, हातातलं कडं, लोंबता दोरा, काही नको.

लॅप बीडाचा किंवा तांब्याचा करा, बोअरपेक्षा ०.०२ मिमी लहान, लांबी बोअरच्या दीडपट, एका बाजूने फाक मारलेली आणि आत टेपर मँड्रेल, म्हणजे झिजला की फुगवता येतो. लॅप नेहमी डायपेक्षा मऊ हवा. कण मऊ बाजूला रुततात आणि कडक बाजूला कापतात. मऊ डायवर पेस्ट लावलीत तर कण डायमध्येच रुतून बसतात, म्हणून हार्डनिंगआधी पेस्ट नको.

लॅप चकमध्ये धरा, १५०–२०० आरपीएम. डाय हातात सैल धरा, अशी की अडकली तर ती हातात फिरावी, मनगट फिरू नये. पुढेमागे सरकवत राहा, एका जागी थांबू नका. दर मिनिटाला डाय उलटी करून घाला, नाहीतर एक तोंड मोठं होतं. लॅप बोअरमधून वारंवार पूर्ण बाहेर आला तर दोन्ही तोंडं फाकतात, आणि फाकलेलं तोंड परत आणता येत नाही.

पेस्ट १४ मायक्रॉन, मग ६, मग ३, शेवटी १. डबीचा रंग बघू नका, आकडा वाचा. प्रत्येक आकड्याला वेगळा लॅप किंवा वेगळी काडी हवी. मध्ये डाय रॉकेलने धुवा, कापडाने पुसा, हातही धुवा. ६ चा एक कण १ च्या कामात राहिला तर सगळी मेहनत एका रेघेने जाते.

रेडियसला आधी ३२० चा पेपर आडवा, ४०० चा तिरका, ६०० चा परत आडवा, असं १२०० पर्यंत. दिशा बदलल्यामुळे आधीच्या नंबरच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. एकही जुनी रेघ दिसत असेल तर पुढचा नंबर घेऊ नका. पुढच्याने ती जात नाही, फक्त चकचकीत होते. सोनार वापरतात ते १० पटीचं भिंग घ्या आणि बघा.

नमद्याने शेवटचा हात देताना जास्त वेळ जोरात दाबू नका. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे येतात आणि मग परत ६०० पासून सुरुवात. अगदी शेवटी स्पिंडल बंद करून, नमदा लावलेली काडी हाताने वरून खाली, पत्रा ज्या दिशेने ओढला जाणार त्याच दिशेने फिरवा. गोल फिरलेल्या रेघा पत्र्याला आडव्या येतात, उभ्या रेघा त्याला वाट देतात.

ट्यूबलाइटखाली डाय हळू फिरवा. बोअरमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब एकसलग सरकलं पाहिजे. जिथे तुटतं किंवा थरथरतं तिथे अजून काम बाकी आहे.

१०. प्रेसवर चढवण्याआधी

प्लगला निळी लावून एकदा घाला, माझ्या पहिल्या डायला जे आधी केलं नव्हतं ते. चारी बाजूंनी निळी लागली की डाय धुवा आणि लगेच तेल लावा. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात उघडी ठेवलेली पॉलिश केलेली डाय एका रात्रीत ठिपके धरते. मेणकागदात गुंडाळा आणि वर चिठ्ठी बांधा: वरचं, मधलं, खालचं माप, एचआरसी, तारीख.

ज्यांना हे काम मन लावून शिकायचं आहे त्यांना उद्यमबागेतच सरकारी टूलरूम, जीटीटीसी, आहे. दहावीनंतर तिथे टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो, शेवटचं वर्ष कारखान्यात काम करत. आमच्या मेस्त्रींनी मुलाला तिथेच घातलं.

पहिली वाटी काढताना पत्र्याला ड्रॉइंग ऑइल लावा, प्रेस हळू चालवा आणि वाटी हातात घेऊन तिचं बाहेरचं अंग उजेडात फिरवा. चकाकी सगळीकडे सारखी हवी. एकाच बाजूला रेघ असेल तर डाय न काढता आधी पंच मध्यावर आहे का ते तपासा, बहुतेक वेळा दोष तिथे निघतो. तीन बाजूंना चकाकी असेल तर पायरी ३ परत वाचा.